घटस्फोटाची तारीख आणि व्हिसाची तारीख

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी विचारलेले चार प्रश्न. उत्तरं सर्वसाधारण आहेत; स्वतःचे कागद इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवल्याशिवाय पाऊल उचलू नका.

प्रश्न : मी न्यू जर्सीत एच-४ या जोडीदाराच्या आधारावरच्या व्हिसावर आहे, नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. दोन वर्षं मारहाण सहन केली. एकदा शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले होते. आता तो म्हणतो, "सहमतीने मोकळे होऊ, माझ्या वकिलाने कागद तयार केलेत, तू फक्त सही कर." करू का?

आज करू नका. बिनविरोध घटस्फोटात वाईट काही नाही. न्यू जर्सीत दोघांपैकी एक जण वर्षभर राहत असेल आणि सहा महिने न मिटणारे मतभेद असतील, तर छळ सिद्ध न करताही घटस्फोट मिळतो. पण त्याचा वकील हा त्याचाच वकील आहे. तुमच्या व्हिसाचं काय होईल हे तो तुम्हाला सांगणार नाही.

दावा दाखल झाला म्हणून एच-४ जात नाही. न्यायाधीशांनी निकालावर सही केली, की त्याच दिवशी तो संपतो. नोकरी गेलेल्या एच-१बीधारकाला मिळणारी ६० दिवसांची सवलत घटस्फोटित जोडीदाराला नाही. म्हणून विद्यार्थी किंवा अन्य व्हिसासाठी आय-५३९ अर्ज निकालाआधी पोचलेला हवा. मुलांचा एच-४ मात्र वडिलांशी असलेल्या नात्यावर चालू राहतो.

'व्हावा' (महिलांवरील हिंसाचारविरोधी कायदा) खालचा, जोडीदाराच्या मदतीशिवाय करायचा स्वतंत्र अर्ज तुम्हाला करता येणार नाही. त्यासाठी छळ करणारा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा लागतो. 'व्हावा'चं नाव ऐकून अनेक जणी चुकीचा फॉर्म भरतात आणि हातातले मोलाचे महिने घालवतात.

तुमच्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली, आय-७६५व्ही : एच-१बीधारकाकडून छळ झालेल्या जोडीदारासाठी कामाचा परवाना. त्याने नोकरी करता येते, पण व्हिसाचा दर्जा मिळत नाही. दुसरी, यू व्हिसा, म्हणजे ठरावीक गुन्ह्यांना बळी पडलेल्यांसाठीचा व्हिसा. तिथे नवऱ्याचा व्हिसा कोणता, लग्न टिकलंय की मोडलंय, याला महत्त्व नाही. घरगुती हिंसा हा त्या ठरावीक गुन्ह्यांपैकी एक आहे. तुम्हाला मोठी शारीरिक किंवा मानसिक इजा झालेली असावी आणि तुम्ही तपासाला मदत केलेली असावी. नवऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे असं नाही. त्याच्या अर्जाला, म्हणजे आय-९१८ ला, फी नाही. अडतं ते 'सप्लिमेंट बी' या पुरवणीवर. ती पोलीस किंवा सरकारी वकिलांच्या कार्यालयातल्या अधिकृत अधिकाऱ्याच्या सहीची लागते, आणि सही अर्जाच्या तारखेआधीच्या सहा महिन्यांतलीच चालते. सही आधी आणून ठेवली आणि अर्ज रेंगाळला, तर पुन्हा सुरुवात. शेजाऱ्यांनी बोलावलेल्या पोलिसांचा रिपोर्ट नंबर आजच मिळवा.

वर्षाला मूळ अर्जदारांना १०,००० यू व्हिसाच मिळतात, त्यामुळे रांग अनेक वर्षांची आहे. रांगेत असताना अर्ज प्रथमदर्शनी खरा ठरला, तर चार वर्षांचा कामाचा परवाना मिळू शकतो. जिवाची भीती असेल तर आधी संरक्षण आदेश घ्या. त्यासाठी कोर्टाची फी लागत नाही. राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३ चोवीस तास चालू असते.

प्रश्न : माझा नवरा अमेरिकन नागरिक होता. टेक्ससमध्ये १४ महिन्यांपूर्वी बिनविरोध घटस्फोट झाला. त्यात छळाचा उल्लेखच नाही. आता उशीर झाला का?

नाही, पण वेळ थोडा आहे. नवरा नागरिक असल्यामुळे तुम्हाला 'व्हावा'चा स्वतंत्र अर्ज, म्हणजे आय-३६०, घटस्फोटानंतर दोन वर्षांच्या आत दाखल करता येतो. म्हणजे तुमच्याकडे दहा महिने उरले आहेत. अर्ज त्या मुदतीत इमिग्रेशन खात्याकडे पोचलेला हवा. पोस्टात टाकल्याची तारीख धरत नाहीत. या अर्जालाही फी नाही. निकालपत्रात छळ लिहिलेला असणं आवश्यक नसतं. छळ आणि घटस्फोट यांचा संबंध इतर पुराव्यांनी दाखवता येतो.

पोलीस रिपोर्ट नसेल तरी अर्ज करता येतो. लग्न प्रामाणिक होतं आणि दोघं एकत्र राहिलात हे दाखवायला भाडेकरार, एकत्र बँक खातं, विम्याचे कागद लागतील. छळासाठी डॉक्टर किंवा समुपदेशकाच्या नोंदी, फोटो, मेसेज, प्रतिज्ञापत्रं. मराठी मेसेजसोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्र जोडावंच लागतं. बहुतेक अर्ज कमकुवत होतात ते "तो फार वाईट वागायचा" अशा मोघम प्रतिज्ञापत्रांमुळे. साक्षीदाराने काय पाहिलं, कुठे, साधारण कधी, एवढं लिहू दे. तीन ओळी नेमक्या असल्या की तीन पानांपेक्षा भारी पडतात.

आणि कृपा करून मंजुरीआधी दुसरं लग्न करू नका. अर्ज त्यानेच फेटाळला जातो. तुमचा अर्ज खात्याकडून नवऱ्याला कळवला जात नाही, कायद्यानेच तशी मनाई आहे. पत्त्याच्या रकान्यात मात्र सुरक्षित टपाल पत्ता द्या. हे सगळं पुरुषांनाही तितकंच लागू आहे.

प्रश्न : माझं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं आहे. नवरा धमकी देतो, "आय-७५१ वर सही करणार नाही."

आय-७५१ हा दोन वर्षांच्या कार्डावरची अट काढण्याचा फॉर्म, एरवी दोघांनी मिळून भरायचा. पण त्याच्या सहीशिवायही तो भरता येतो. छळाच्या कारणाने एकत्र अर्जाच्या अटीतून सूट मागितली तर घटस्फोट झालेला असण्याचीही अट नाही आणि अर्ज केव्हाही करता येतो. नुसत्या घटस्फोटाच्या कारणाने सूट हवी असेल, तर मात्र अंतिम निकालपत्र लागतं. दोन्ही कारणं एकाच अर्जात मांडता येतात.

प्रश्न : हिंदू पद्धतीने लग्न झालं, अमेरिकेत बिनविरोध घटस्फोट घेतला. भारतात तो मानतात का?

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी निकालाने चौकट घालून दिली आहे. 'न मिटणारे मतभेद' हे हिंदू विवाह कायद्यातलं कारण नाही. म्हणून दुसऱ्या बाजूच्या गैरहजेरीत मिळवलेला एकतर्फी निकाल भारतात सहसा टिकत नाही. दोघांनी खरोखर संमती दिली असेल तर स्थिती वेगळी, कारण त्या संमतीला न्यायालय महत्त्व देतं. ती कागदावर दिसली पाहिजे : दोघांच्या स्वतःच्या सह्यांचा नोटराइज्ड करार आणि कोर्टातलं उत्तर. निकालाची प्रमाणित प्रत अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं सरकारी प्रमाणपत्र) करून घ्या. ज्या राज्यात घटस्फोट झाला, त्या राज्य सरकारकडूनच ते मिळतं. तिथून दुसरीकडे राहायला जाण्याआधी करून घेतलं तर हेलपाटे वाचतात.