पळ्ळु वाचायला घेताय? मग एवढं करा

पळ्ळु म्हणजे शेतमजुरांच्या जगण्यावरचं तमिळ गेय काव्य. ते ज्यात मोडतं, त्या तमिळ प्रबंधांच्या (काव्यरचनांच्या) ९६ प्रकारांची यादी पाठ करत बसू नका. बरेच जण तिथेच कंटाळतात. थेट 'मुक्कूडर् पळ्ळु' उघडा. तिरुनेलवेलीकडची शेती, एक शेतमजूर आणि त्याच्या दोन बायका. एक वैष्णव, दुसरी शैव. भांडणात देवांनाही सोडत नाहीत. धमाल आहे!

– मनातल्या मनात वाचू नका. सिंदु हा गायचा छंद, हाताने ताल धरा. रागांचं नंतर बघू.
– भाताच्या वाणांची, बैलांची नावं आली की पानं उलटू नका. खरी शेती तिथेच आहे.
– विनोदावर भुलू नका. थोरल्या बायकोच्या तक्रारीवरून शेताचा कारभारी त्याच मजुराला खोड्यात घालतो.

तमिळ फारच जड गेलं, तर तंजावरच्या सरफोजीराजांचं मराठी 'देवेंद्र कुरवंजी' चाळा (कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणाऱ्या भटक्या बाईभोवती फिरणारं नृत्यनाट्य). त्यात मात्र शेत नाही, भूगोल आहे!