खतावरच्या अनुदानामुळे भारत शेतीकडून उद्योगाकडे वळतोय की आहे तिथेच अडकतोय?

अडकतोय. पण त्याचं जे कारण नेहमी सांगतात, म्हणजे 'शेतकऱ्याला फुकटाची सवय लागली', ते साफ चूक आहे. आमचे दाजी प्रत्येक लग्नकार्यात हेच ऐकवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिसेंबर २०२३ मध्ये आमचा लाल कांदा काढणीला आला होता. हा खरिपाचा माल, उन्हाळ कांद्यासारखा चाळीत (साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये) टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. ८ तारखेपासून केंद्राने निर्यातबंदी केली. बाजार समित्यांत लिलाव बंद पडले, भरलेल्या ट्रॉल्या रांगेत उभ्या. लिलाव सुरू झाले तोवर भाव निम्म्याच्या आसपास आला होता. रोपं, लागण, काढणी यांची मजुरीसुद्धा सुटली नाही. बंदी उठली मे २०२४ मध्ये, तीही ४० टक्के निर्यातशुल्क लावून. तोवर आमचा माल कधीच विकून झाला होता.

यावर दाजी म्हणाले, "युरियाची गोणी २६६ रुपयांत मिळते, अजून काय पाहिजे?"

आता हिशोबच करू. एकरभर कांद्याला युरिया लागतो दोनेक गोण्या. त्यावरचं अनुदान फार तर काही हजार. एकरी ६० क्विंटल माल धरला आणि क्विंटलमागे १००० रुपये पडले, तर ६० हजार गेले. शेतकऱ्याच्या हातात भांडवल साचेल कसं? आणि ते साचल्याशिवाय पोरगा गावात वर्कशॉप टाकणार नाही की शहरात जाऊन धड काही शिकणार नाही. देशातले जवळपास ४५ टक्के कामकरी अजून शेतीत आहेत आणि उत्पन्नातला शेतीचा वाटा पाचव्या हिश्शाहूनही कमी. स्थित्यंतर रखडलंय ते इथे.

सरकारचेही पैसे अडकतात. २०२२-२३ मध्ये खतांचं अनुदान अडीच लाख कोटींच्या घरात गेलं. एवढ्या पैशातून पाण्याच्या चाऱ्या, गोदामं, शीतगृहं झाली असती, ती वर्षानुवर्षं कामाला आली असती. शिवाय २०१० मध्ये स्फुरद-पालाश (फॉस्फरस-पोटॅश) खतांचं अनुदान त्यांतल्या अन्नद्रव्यानुसार ठरायला लागलं आणि युरिया त्यातून वगळला. तो स्वस्त राहिला, म्हणून गरजेपेक्षा जास्त पडतो आणि जमिनीतल्या अन्नद्रव्यांचं गणित बिघडतं.

एक मात्र खरं, हे अनुदान एका फटक्यात काढलं तर कोरडवाहू शेतकरी पहिला मरेल. आधी तेवढी रक्कम एकराच्या हिशोबाने खात्यात द्या, मग युरियाचा भाव मोकळा करा. आणि त्याआधी अशी निर्यातबंदी लादणं बंद करा.

शहरात कांदा स्वस्त राहतो तो आमच्या खिशातून. दाजी दर आठवड्याला घेतात त्या कांद्यावरही अनुदानच आहे, फक्त ते आम्ही देतो.