बॅशआरसीला हात लावायच्या आधी हे बघ

अरे, बॅशआरसी (.bashrc) ही बॅशची, म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या कमांड चालवणाऱ्या शेलची, सेटिंगची फाइल. कुणाची तरी तीनशे ओळींची बॅशआरसी आख्खी कॉपी मारू नकोस, खरंच नको, त्यातलं निम्मं काय करतं ते तुला कळणार नाही आणि मग बिघडलं की शोधत बसशील. आधी फाइलची एक कॉपी ठेव, आणि बदल करताना दुसरं टर्मिनल उघडंच राहू दे, म्हणजे नवीन शेल चालूच झाला नाही तरी परत फिरता येतं.

आता मुख्य गोंधळ, कोणती फाइल कधी वाचली जाते. लॉगिन शेल (लॉगिन केल्यावर सुरू होणारा) असेल तर बॅश आधी बॅश-प्रोफाइल (.bash_profile) शोधतं, ती नसेल तर बॅश-लॉगिन, तीही नसेल तर प्रोफाइल, आणि पहिली सापडेल तेवढी एकच वाचतं. उबुंटूवर नुसती नवीन टर्मिनल विंडो उघडलीस की फक्त बॅशआरसी. म्हणूनच हिंजवडीतल्या ऑफिसच्या सर्व्हरवर एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करून) गेलं की कधीकधी आपले अलियास (कमांडना दिलेली छोटी नावं) गायब होतात! उपाय सोपा, बॅश-प्रोफाइलमधून बॅशआरसी सोर्स करायची, म्हणजे तिथूनच ती वाचायला लावायची. मॅक असेल तर २०१९ च्या कॅटालिनापासून नवीन अकाउंटला बॅशऐवजी झेडशेल (zsh) असतो, तिथे झेडशेलआरसी (.zshrc).

पाथमध्ये (शेल कमांड जिथे शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत) भर घालताना जुना पाथ सोबत ठेवायचाच, नाहीतर एलएस (ls) सारखी साधी कमांड सुद्धा सापडणार नाही. आणि बॅशआरसीत उगाच एको (मजकूर छापणारी कमांड) टाकू नकोस, एससीपी (एसएसएचवरून फाइल कॉपी करणं) अडकतं त्याने.

हिस्टसाइज (किती जुन्या कमांड लक्षात ठेवायच्या तो आकडा) मात्र लगेच वाढव, बॅशमध्ये मुळात ५०० च असतो, फारच कमी वाटतो मला. सोबत हिस्टफाइलसाइज (हिस्टरीच्या फाइलमध्ये किती ठेवायच्या) पण. अलियास रोज टाइप करतोस त्याच कमांडचे कर, बाकी हळूहळू.