नाच हवा, नाचणारी नको?

बेली डान्सवर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं इथे घेतली आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

माझी मुलगी २३ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते आणि बेली डान्सच्या क्लासला जाते. तिचं म्हणणं, ही कला आहे, यात शृंगाराचा संबंधच नाही. सासूबाई म्हणतात, हा हॉटेलातला नाच. मी कोणाची बाजू घेऊ? — एक आई, नाशिक

सासूबाईंनी जे पाहिलंय ते बहुतेक हिंदी सिनेमातलं असणार. तिथे हा नाच वर्षानुवर्षं खलनायकाच्या अड्ड्यावरच्या बाईच्या वाट्याला आला. त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही.

पण मुलीचंही पूर्ण पटत नाही. शृंगार नाकारला की कला सिद्ध होते, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. इजिप्तमध्ये या नाचाला ‘रक्स शर्की’ म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. त्यात लाडिकपणा आहे, थट्टा आहे, स्वतःच्या देहाचा आनंद आहे. ते वगळून उरते ती कवायत. तहिया कारिओका ही कैरोची गाजलेली नर्तिका. तिच्यावर एडवर्ड सईदसारख्या विचारवंताने गौरवाने लिहिलं. त्याचा रोख असा, की नर्तिका किती हलते यापेक्षा किती कमी हलते यात तिची कला असते. शृंगार आहेच, पण तो आवरलेला, आणि ते आवरणं शिकायला वर्षं जातात.

तेव्हा बाजू घेण्याऐवजी एकदा क्लास बघून या. मास्तर ताल समजावून सांगतात का, गाण्याचा अर्थ सांगतात का, गुडघे आणि पाठीकडे लक्ष देतात का, ते पाहा. नुसत्या स्टेप मोजून पाठ करून घेत असतील तर क्लास बदलावा. सासूबाईंसाठी नव्हे, मुलीच्या पाठीसाठी.

हा नाच म्हणजे प्राचीन काळचा प्रसूतीचा विधी होता, पुढे तो बिघडला, असं वाचलं. खरं का? — एक वाचक, सांगली

याला भक्कम पुरावा नाही. ही कहाणी विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांतल्या शिकवण्यांमधून पसरली, आणि नाचाला सोवळं नेसवण्याच्या कामी आली. मुळात हा घराघरांतला, लग्नकार्यातला नाच. मुली आई-मावशीचं बघून शिकतात. ‘पोटाचा नाच’ हे नाव फ्रेंचांचं. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात ‘कैरोची गल्ली’ उभारली गेली, तिथे हा नाच बघायला झुंबड उडाली आणि ते नाव अमेरिकेत घरोघर पोहोचलं.

इजिप्त तर या नाचाचं माहेर. तिथे तरी नर्तिकांना मान असेल ना? आणि काळानुसार समाजाची दृष्टी सुधारत गेली का? — एक प्राध्यापिका, कोल्हापूर

सुधारत गेली असं सरळ म्हणता येत नाही. ती पुढे-मागे होत राहिली आहे, आणि दर वेळी वाद नाचाचा कमी, नाचणारीचा जास्त.

एकोणिसाव्या शतकात दोन प्रकारच्या कलावतीणी होत्या. ‘अवालिम’ गायच्या, कविता जाणायच्या, श्रीमंतांच्या घरी बायकांच्या बैठकीत त्यांची कला व्हायची. ‘गवाझी’ रस्त्यावर, जत्रेत, उघड्यावर नाचायच्या. १८३४ मध्ये इजिप्तचा शासक मुहम्मद अली याने गवाझींना आणि वेश्यांना कैरोतून हाकललं. त्या दक्षिणेला एस्ना, केना, आस्वान इथे गेल्या. परिणाम उलटाच झाला. परदेशी प्रवासी त्यांना शोधत नाईलच्या वरच्या अंगाला जाऊ लागले आणि युरोपची ‘पौर्वात्य नर्तिके’ची कल्पना याच वाऱ्यांमधून पक्की झाली.

पुढचा मोठा फेरफार १९२६ चा. बदिया मसाबनी या नर्तिकेने कैरोत स्वतःचं नाट्यगृह उघडलं. अंगणातला नाच रंगमंचावर आला की पुष्कळ काही बदलावं लागतं. जागच्या जागी नाचणारी बाई आता मंचभर फिरू लागली, हातांना बॅलेचं वळण आलं, चार वादकांच्या जागी अख्खा वाद्यवृंद बसला. मण्यांची चोळी, कमरपट्टा आणि मोकळं पोट हा आज ‘पारंपरिक’ समजला जाणारा वेषही याच रंगमंचांवर रुळला आणि त्यावर पाश्चात्त्य रंगभूमी-सिनेमाची छाप होती. तहिया कारिओका आणि सामिया गमाल या तिथूनच सिनेमात गेल्या.

१९५२ च्या क्रांतीनंतर सरकारने नियम आवळले, पोट झाकायला हवं असं ठरलं. त्यावर तोड निघाली ती पातळ जाळीची. पन्नाशीच्या दशकातले इजिप्शियन सिनेमे नीट पाहिलेत तर चोळी आणि कमरपट्टा यांच्यामध्ये ती जाळी दिसेल. नियमही पाळला, पोटही दिसलं. १९५९ मध्ये रेदा हे नृत्यमंडळ निघालं. त्याची प्रमुख नर्तिका फरिदा फहमी ही विद्यापीठात शिकलेली, प्राध्यापकाची मुलगी, आणि वडिलांचा तिला पाठिंबा होता. अंगभर कपडे, लोकनृत्याची मांडणी, पुढे सरकारी आश्रय. मध्यमवर्गाने ते डोक्यावर घेतलं. हालचाली मात्र बऱ्याच त्याच होत्या! बदललं ते नाचणारीचं घराणं.

सत्तरीच्या दशकात आखाती पाहुण्यांचा पैसा कैरोजवळच्या पिरॅमिड रस्त्यावरच्या नाइट क्लबांत वाहू लागला. जानेवारी १९७७ मध्ये पावाचे भाव वाढले, दंगे पेटले आणि जमावाने तिथले क्लबही जाळले. त्यानंतरच्या दशकांत धर्माचा जोर वाढला, काही नामांकित नर्तिकांनी नाच सोडून डोक्यावर रुमाल घेतला. खुद्द तहियाही त्यांत होती.

तरीही लग्नात नर्तिका बोलावण्याची चाल टिकली. नवरा-नवरी तिच्या पोटावर हात ठेवून फोटो काढून घेतात. त्याच मांडवातल्या बापाला विचारा, मुलीला हा धंदा करू द्याल का? आपल्याकडे जत्रेला तमाशाचा फड लागतोच, पण फडातली सून चालत नाही. तसंच हे. इजिप्तच्या नर्तिकांत उतरंडही आहे: सर्वांत वर पंचतारांकित हॉटेलची नर्तिका, मग नाइट क्लबची, तळाला गल्लीतल्या लग्नांत नाचणारी. आपल्या २००५ च्या डान्सबार बंदीतही तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये याच भेदभावावर बोट ठेवलं. तुर्कस्तानात मान्यता वेगळ्या वाटेने आली. १९८१ उजाडताना सरकारी दूरचित्रवाणीच्या नववर्षाच्या कार्यक्रमात नेसरिन तोपकापी नाचली, आणि घरातल्या पडद्यावर तो नाच सगळ्या कुटुंबाने एकत्र पाहिला.

मी लावणी शिकले आहे. बेली डान्स सोपा जाईल असं वाटलं होतं, पण ‘अडकतेस’ असं मास्तर म्हणतात. काय चुकत असेल? — एक विद्यार्थिनी, सोलापूर

कंबर तयार आहे, कान अजून तयार व्हायचाय. लावणीत पाय बोलतात, चाळ वाजतात, शब्दांवर अदा होते. रक्स शर्कीत पाय मुके असतात. तिथे धड वाद्यांना उत्तर देतं. ‘कानून’ या तंतुवाद्याच्या तारा थरथरल्या की शिमी, म्हणजे कमरेचा बारीक थरथराट. व्हायोलिन किंवा नेय, म्हणजे तिथली बासरी, लांब सूर धरतं तेव्हा कमरेने संथ आठचा आकडा. तबल्याच्या थापेला कमरेचा झटका. (त्यांचा ‘तबला’ म्हणजे मडक्यासारखं एकतोंडी वाद्य, आपला जोड नव्हे.)

तालाचे बोल दोन: ‘दुम’ भरीव, ‘तेक’ कडेचा. आठ मात्रांत हे तीन ताल हाताने वाजवून पाठ करा. रेघ म्हणजे रिकामी मात्रा.

मक्सूम: दुम तेक – तेक दुम – तेक –
बलदी: दुम दुम – तेक दुम – तेक –
सईदी: दुम तेक – दुम दुम – तेक –

सईदीतले मधले दोन लागोपाठ ‘दुम’ ओळखता आले की अर्धं काम झालं. लावणीवाल्यांची नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक ‘तेक’ला ठुमका. दुमवर वजन खाली सोडा, तेक नुसता ऐका. दुसरी चूक चेहऱ्याची. इथे प्रेक्षकाला गोष्ट सांगायची नसते. गाणं ऐकताना तुम्हाला काय होतंय एवढंच दिसू द्यायचं. डोळे मिचकावणं चार मिनिटांत एकदा पुरे.

शिमी दहा मिनिटं केली की कंबर भरून येते. वय ४८. सोडून द्यावं का? — एक गृहिणी, ठाणे

सोडायच्या आधी उभं राहणं तपासा. पावलं कमरेखाली, मध्ये साधारण वीतभर अंतर, तळवे पूर्ण टेकलेले. गुडघे किंचित वाकलेले. माकडहाड जमिनीकडे, बेंबीखालचा भाग हलका आत. कमरेला बाक देऊन, मागचा भाग बाहेर ठेवून शिमी केली तर प्रत्येक हिसका कमरेच्या मणक्यांवर बसतो. दुखण्याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण, कंबर हलवायचा प्रयत्न कमरेनेच करणं. या शिमीचं इंजिन गुडघ्यांत आहे. एक गुडघा सरळ होतो तेव्हा दुसरा वाकतो, त्यामुळे सरळ झालेल्या गुडघ्याकडची कमरेची बाजू आपोआप वर येते. सरळ करताना गुडघा मागे ढकलून कुलूप लावू नका. मोबाइलच्या मेट्रोनोमवर (ठोके देणारं ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांचा वेग लावा: ठोक्याला एक हालचाल, दोन मिनिटं. मग ठोक्याला दोन, जमल्यावर चार. तरी खांदे स्थिर राहिले तरच वेग ५ ने वाढवा. खांदे हलू लागले, श्वास अडकला किंवा टाचा उचलल्या, की मागच्या वेगावर या. सुरुवातीला एकूण पाच मिनिटं पुष्कळ झाली.

फरशी फार टणक असेल तर पातळ तळाचे कापडी बूट घाला. योगाच्या चटईवर वळणं घेऊ नका, पाऊल चिकटतं आणि गुडघा पिळतो. पायात कळ उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील तर मात्र सराव थांबवून डॉक्टरांकडे जा.

आमच्या सोसायटीच्या स्नेहसंमेलनात आम्ही चौघी आणि माझा भाऊ हा नाच बसवतोय. कपड्यांवरून आधीच कुजबुज आहे. शिवाय पुरुषाने करावा का? — एक वाचक, डोंबिवली

भावाने अवश्य नाचावं. ओटोमन काळात पुरुष नर्तक होतेच, आजच्या इजिप्तमध्ये तितो सैफ जुब्ब्यासारखा गलाबिया घालून, काठी घेऊन नाचतो. भावासाठी सईदी ताल आणि काठी हीच जोडी घ्या. बायकी हावभावांची नक्कल करून हशा मिळवू नका, तो प्रकारच वेगळा.

कपड्यांसाठी कुजबुजीला भिऊन नाही, तर बलदी, म्हणजे इजिप्तच्या लोकवळणाच्या, नाचाला तोच वेष शोभतो म्हणून पायघोळ अंगरखा आणि कमरेला घट्ट बांधलेला रुमाल घ्या. रुमाल कमरेच्या हाडाखाली बांधा. वर बांधलात तर झटका दिसतच नाही. मण्यांची चोळी घालायचीच असेल तर तयार हुकांवर विसंबू नका, शेजारी दुसरा हुक शिवा आणि आतून सेफ्टी पिन लावा. घेर जमिनीपासून दोन-तीन बोटं वर हवा. ओढणी वापरणार असाल तर अडीच ते तीन मीटर लांब, हलकी रेशमी. नायलॉनची अंगाला चिकटते. मंचावर पंखा सुरू असेल तर ओढणी रद्दच करा.

गाणं चार मिनिटांच्या आत ठेवा: प्रवेश अर्धा मिनिट, मधला भाग, शेवटी तबल्याचा तुकडा, तोही एक मिनिटाहून जास्त नको, नाहीतर पाचही जण वेगवेगळ्या थापेवर उतरतात. आणि एक चूक टाळा. अरबी गाणं अर्थ न कळता निवडू नका. प्रार्थनेचे शब्द असलेल्या गाण्यावर कंबर हलवली तर अरबी जाणणाऱ्या कोणालाही ते खटकेल, आणि डोंबिवलीत आखातातून परतलेली घरं कमी नाहीत.