आयसिसने फोडलेलं निमरूद पुन्हा उभं राहू शकतं का?

काही अंशी, हो. उत्तर इराकमधल्या निमरूद या प्राचीन अ‍ॅसिरियन शहरातला, राजा दुसरा अशुरनासिरपाल याचा राजवाडा २०१५ मध्ये स्फोटकांनी उडवला. पंखवाल्या मानवमुखी बैलांच्या शिल्पांचे तुकडे ढिगाऱ्यात विखुरले. दगड जिप्समचा, म्हणजे पावसात विरघळणारा. त्यामुळे आधी जोडकाम नाही, तर तुकडे गोळा करणं, क्रमांक देणं आणि छताखाली नेणं हे महत्त्वाचं. इराकच्या पुरातत्त्व खात्यासोबत अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेचे तज्ज्ञ या कामात उतरले.

मला सगळ्यात भावते ती जुळवणी. राजाने एकच मजकूर जवळपास प्रत्येक शिलापटावर कोरून घेतला होता. हातात आलेल्या कपच्यावर चारच कीलाक्षरं (खिळ्यांच्या आकाराच्या प्राचीन लिपीतली अक्षरं) असली, तरी ती मजकुरात कुठे बसतात ते कळतं. मात्र ती नेमकी कुठल्या पटावरची, हे जुन्या फोटोंवरूनच ठरवावं लागतं. फार चिकाटीचं काम!

कच्च्या विटांचा झिगुरात, म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांचा मंदिर-मनोरा, २०१६ मध्ये सपाट केला गेला, तो मात्र गेलाच. नवा बांधला तर ती प्रतिकृती होईल, आणि माझ्या मते तसं करूही नये.

निमरूदचे अस्सल शिलापट बघायचे असतील, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जरूर जा. जवळून बघा, कोरलेली अक्षरं स्पष्ट दिसतात.