खांद्याच्या ट्रायल्स शेकडो पेशंटच्या, त्वचेच्या रेडिएशनची 33 जणांची: विश्वास कशावर ठेवायचा?

मध्येच वाचायला आलेल्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. बाबांच्या खांद्यातला रोटेटर कफ, म्हणजे खांद्याचे स्नायू हाडाला जोडणारा पट्टा, फाटलाय, वय 63, पडल्याचं किंवा मार लागल्याचं आठवत नाही. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन, दुसरे म्हणतात आधी तीन महिने व्यायाम. त्याच सुमारास आत्याला मायकोसिस फंगॉइडिस हा त्वचेचा दुर्मीळ कॅन्सर निघाला आणि सगळ्या त्वचेला इलेक्ट्रॉनचं रेडिएशन सुचवलंय. तुम्ही दोन्हींचं संशोधन वाचायला बसलात. खांद्यावर ढिगाने ट्रायल्स, तरी डॉक्टरांचं एकमत नाही. रेडिएशनच्या बाजूला 33 पेशंटचा अभ्यास, आणि डॉक्टर एकदम ठाम. तुम्ही विचारताय, हे उलटं कसं?

मी डॉक्टर नाही. क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून काम करतो. म्हणजे कंसेंट फॉर्म समजावणं, प्रश्नावल्या भरून घेणं, फॉलो-अपला न आलेल्यांना चार-चार वेळा फोन करणं. खांद्याच्या आणि त्वचेच्या, दोन्ही अभ्यासांच्या फायली माझ्या हातून गेल्यात. त्या कामातून एक सवय लागली: पेशंट किती होते हे नंतर बघायचं, आधी विचारायचं की यांना काहीच केलं नसतं तर काय झालं असतं? तुमच्या दोन्ही आजारांत या प्रश्नाचं उत्तर अगदी वेगळं येतं, आणि तुमचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आधी खांदा. माणूस खांद्यासाठी डॉक्टरकडे कधी जातो? दुखणं अगदी टोकाला गेल्यावर, रात्री त्या कुशीवर झोपता येईना तेव्हा. टोकाला गेलेलं दुखणं पुढच्या काही महिन्यांत बऱ्याचदा आपसूक थोडं उतरतं. मी नवीन होतो तेव्हा इंजेक्शन घेतलेल्यांचे सहा महिन्यांचे फॉर्म बघून हरखून गेलो होतो. प्रश्नावली साधी असते: 12 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 48. त्या हाताने केस विंचरता येतात का, कपाटात कपडे टांगता येतात का, असलं काही. सगळ्यांचे गुण चढलेले. मी आमच्या मॅडमना दाखवायला गेलो तर त्यांनी काही न बोलता दुसऱ्या गटाचा गठ्ठा माझ्यासमोर सरकवला. तिथेही गुण जवळपास तितकेच चढलेले. त्या दिवसापासून तुलनेचा गट नसलेल्या खांद्याच्या कुठल्याही अभ्यासावर मी सहसा भरवसा ठेवत नाही.

दुसरी भानगड स्कॅनच्या रिपोर्टची, मग तो एमआरआय असो की सोनोग्राफी. 1999 मध्ये खांदा अजिबात न दुखणाऱ्या 411 लोकांची सोनोग्राफी केलेला एक अभ्यास छापून आला. त्यातल्या 23 टक्क्यांच्या खांद्यात कफ फाटलेला होता. ऐंशीच्या पुढच्यांत हे प्रमाण निम्म्याहून जास्त. म्हणजे वय झालं की केस पिकतात तसा कफ विरतो, आणि कित्येकांना त्याचा पत्ताही लागत नाही. रिपोर्टमध्ये 'फाटलाय' लिहिलं म्हणजे दुखणं त्याचंच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

म्हणून खांद्याच्या संशोधनात लोक खोट्या ऑपरेशनपर्यंत गेले. ब्रिटनमधली सीसॉ नावाची ट्रायल, 32 हॉस्पिटल्स, 313 पेशंट. चिठ्ठ्या टाकून तीन गट. एका गटाचं दुर्बिणीतून नेहमीचं ऑपरेशन, म्हणजे कफाच्या वरचं हाड घासून जागा मोकळी करणं. दुसऱ्या गटाला भूल दिली, दुर्बीण आत घातली, नुसतं बघितलं आणि टाके घालून बाहेर आले. तिसऱ्याला काहीच नाही. खरं आणि खोटं ऑपरेशन यांत काही फरक निघाला नाही. दोन्ही गट काहीच न केलेल्यांपेक्षा किंचित बरे होते, पण पेशंटला रोजच्या जगण्यात जाणवावा इतका तो फरक नव्हता. 2018 मध्ये फिनलंडच्या 210 पेशंटच्या ट्रायलनेही खऱ्या-खोट्याच्या तुलनेत तेच सांगितलं.

पण थांबा, हे तुमच्या बाबांना लागू नाही! सीसॉमध्ये कफ आरपार फाटलेले पेशंट घेतलेच नव्हते. हाड घासणं वेगळं, फाटलेला कफ शिवणं वेगळं. व्हॉट्सअॅपवर 'खांद्याची ऑपरेशनं फुकट असतात' असा जो मेसेज फिरतो, तो लिहिणाऱ्याने ही ओळ वाचलेली नसते.

कफ शिवण्यावर बघायच्या त्या दोन ट्रायल्स, एक फिनलंडची आणि एक नॉर्वेची. वरवर त्या एकमेकींच्या विरुद्ध बोलतात. फिनलंडच्या ट्रायलमध्ये मार न लागता फाटलेले 180 खांदे, पेशंट पंचावन्नच्या वरचे. नुसता व्यायाम, व्यायाम आणि हाड घासणं, व्यायाम आणि हाड घासून कफ शिवणं, असे तीन गट. दोन वर्षांनंतर तिन्ही सारखेच. नॉर्वेच्या ट्रायलमध्ये 103 पेशंट, लहान-मध्यम फाट, ऑपरेशन विरुद्ध फिजिओ. तिथे मात्र दहा वर्षांनी ऑपरेशनवाले 100 पैकी सरासरी 9.6 गुणांनी पुढे, आणि फिजिओच्या 51 पैकी 14 जणांनी दरम्यान ऑपरेशन करून घेतलेलं.

मला यात भांडण दिसत नाही. एक दोन वर्षांचं बोलते, दुसरी दहा वर्षांचं. आणि नॉर्वेचा आकडा उलटा वाचला तर 51 पैकी 37 जणांनी दहा वर्षांत ऑपरेशन केलंच नाही. अमेरिकेत अशाच, मार न लागता आरपार फाटलेल्या 452 जणांना व्यायाम देऊन बघितलं. दोन वर्षांत चौथ्या हिश्श्याहून कमी लोकांनी ऑपरेशन केलं, आणि ज्यांनी केलं त्यातल्या बहुतेकांनी पहिल्या तीन महिन्यांतच ठरवलं होतं. कोण ऑपरेशनकडे वळणार याचा सगळ्यात चांगला अंदाज एमआरआयवरून आला नाही, 'व्यायामाने बरं वाटेल असं तुम्हाला वाटतं का' या एका प्रश्नावरून आला! हा अभ्यास चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला नव्हता, हे ध्यानात ठेवा. पण तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचे 'तीन महिने' बहुधा इथूनच आलेत.

व्यायाम कुणाकडून आणि किती, यावरही थोडं. ब्रिटनच्या ग्रास्प ट्रायलमध्ये 708 जण होते. फिजिओकडे सहा वेळांपर्यंत जाऊन वाढते व्यायाम, किंवा एकदाच नीट समजावून घेऊन घरी करणं. वर्षभराने दोन्ही सारखे. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने पहिल्या दोन महिन्यांत थोडा आराम, पुढे फरक नाही.

आता सगळ्यात चक्रावणारी गोष्ट. 2004 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात मोठ्या फाटीचे 18 खांदे दुर्बिणीतून शिवले. वर्षभराने सोनोग्राफी केली तर 17 शिवणी उसवलेल्या होत्या. पण पेशंट खूश, दुखणं कमी, हात वर जातोय. मग आराम नक्की कशाने पडला? शिवणीने, त्यानंतरच्या विश्रांती-व्यायामाने, की नुसत्या काळाने? खांद्याच्या डॉक्टरांचं एकमत का होत नाही, ते इथे कळतं.

जाता जाता, कफ शिवण्याची सुरुवात ज्यांच्या नावावर आहे ते बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन. 1909 मध्ये शिवला, 1911 मध्ये छापला. हेच गृहस्थ हॉस्पिटलच्या मागे लागले होते की प्रत्येक पेशंटचं कार्ड ठेवा आणि वर्षाने त्याला बोलावून बघा, ऑपरेशनचा उपयोग झाला का. या हट्टापायी त्यांनी बरेच शत्रू करून घेतले. फॉलो-अपचे फोन लावताना मला त्यांची आठवण येते.

बाबांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारायचं ते असं: हाताची ताकद गेलीय की नुसतं दुखतंय? फाट किती मोठी, स्नायूत चरबी भरलीय का? पडून किंवा झटका बसून एकाएकी हात उचलता येईनासा झाला असता तर माझं उत्तर वेगळं असतं. अशा वेळी तीन महिने थांबायचं नसतं, लवकर सर्जनला दाखवायचं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं वाटत नाही.

आता आत्या. या आजाराच्या नावानेच माणूस घाबरतो आणि शिवाय फसतो. बुरशीशी याचा काही संबंध नाही. 1806 मध्ये अलिबेर या फ्रेंच डॉक्टरांनी याचं पहिलं वर्णन केलं, आणि गाठी अळंबीसारख्या दिसल्या म्हणून पुढे हे नाव पडलं. हा त्वचेत राहणाऱ्या टी पेशींचा (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर. दर लाख लोकांमागे वर्षाला एकही नवा पेशंट पुरता भरत नाही, इतका दुर्मीळ.

इथे 'काहीच केलं नसतं तर' विचारून बघा. हे चट्टे वर्षानुवर्षं रेंगाळतात. अंगभर पसरलेले चट्टे दोन महिन्यांत आपोआप निम्म्यावर आले, असं सहसा घडत नाही. त्यामुळे 33 जणांना किरणं दिली आणि बहुतेकांचे चट्टे निम्म्याहून कमी झाले, तर ते किरणांनीच झाले हे मानायला तुलनेचा गट लागत नाही. खांद्याला ही सवलत मिळत नाही.

मोजतात कसं, तेही बघण्यासारखं आहे. पेशंटचा स्वतःचा तळवा, बोटांसकट, म्हणजे अंगाचा एक टक्का. डॉक्टर पाठीवर, मांडीवर चट्टे 'किती तळवे' ते सांगत जातात आणि मी कागदावर लिहितो. सपाट चट्टा असेल तर एकपट, जाड असेल तर दुप्पट, गाठ असेल तर चौपट. एका आजींनी मला विचारलं होतं, "माझा तळवा लहान आहे, मग मार्क कमी पडतील का?" नाही आजी, अंगही त्याच मापाचं आहे.

रेडिएशन देताना पेशंट मशीनपासून काही मीटर लांब, जवळपास उघड्या अंगाने उभा असतो. तोंड मशीनकडे, पाठ मशीनकडे आणि चार तिरप्या, अशा सहा पोझ. नेहमीच्या पद्धतीत एका दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी उरलेल्या तीन. हात कुठे, पाय किती फाकवायचा, सगळं ठरलेलं, कारण एका अवयवाची सावली दुसऱ्यावर पडली तर तिथे डोस पोचत नाही. तळपाय, स्तनाखालची घडी, जांघा अशा सावलीत राहणाऱ्या जागांना नंतर वेगळा डोस लागू शकतो. इलेक्ट्रॉन यासाठीच, की ते पहिल्या काही मिलिमीटरमध्येच आपला बहुतेक जोर संपवतात. आतल्या अवयवांपर्यंत फारसं काही जात नाही.

ही पद्धत 1950 च्या दशकापासून चालत आलेली. पूर्वीचा ठरलेला डोस 36 ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं एकक), नऊ-दहा आठवडे. केस जायचे, नखं गळायची, घाम येणं बंद व्हायचं, हातपाय सुजायचे. मग लोकांनी विचारलं, 12 ग्रेत भागेल का? तुम्ही वाचलेला 33 जणांचा अभ्यास म्हणजे अशा तीन छोट्या ट्रायल्सची बेरीज: 88 टक्क्यांना गुण आला, आणि त्यातल्या निम्म्यांना तो सुमारे 71 आठवडे किंवा जास्त टिकला. पुढे ब्रिटनमध्ये 103 जणांना हाच 12 ग्रे दोन आठवड्यांत आठ वेळांत दिला, तर 87 टक्के. दोन वेगळ्या ठिकाणी इतका जवळचा आकडा आला, म्हणून डॉक्टर ठाम आहेत. पण त्वचा पूर्ण कोरी झालेले त्या 103 मध्ये 18 टक्केच होते. 36 ग्रेमध्ये हे प्रमाण जास्त असतं. कमी डोसचा फायदा असा, की त्रास कमी आणि आजार परत आला तर पुन्हा देता येतो.

आता 33 जणांच्या अभ्यासातून जे कळू शकत नाही ते सांगतो: आयुष्य वाढतं का? त्याला तुलना लागतेच, आणि ती एकदा झालीय. अमेरिकेत 1989 मध्ये 103 पेशंटची ट्रायल छापून आली. एका गटाला सुरुवातीलाच इलेक्ट्रॉन आणि केमो एकत्र, दुसऱ्याला आधी त्वचेवर लावायची औषधं आणि मग गरजेप्रमाणे पुढचं. त्वचा पूर्ण कोरी झाली पहिल्या गटात 38 टक्क्यांची, दुसऱ्यात 18 टक्क्यांची. आयुष्यात मात्र फरक नाही, आणि पहिल्या गटाला त्रास बराच जास्त. या आजारात एकदम तोफा लावायच्या नाहीत, हे तिथून आलं.

दुर्मीळ आजार आहे म्हणून मोठी ट्रायल होतच नाही असंही समजू नका. 2018 मध्ये मोगाम्युलिझुमॅब या औषधाची ट्रायल छापून आली, दोन औषधांची थेट तुलना, 372 पेशंट. त्यासाठी 11 देश पिंजून काढावे लागले.

तेव्हा आत्यांच्या डॉक्टरांना विचारा: डोस 12 की 36, आणि तोच का? खाज आणि चट्टे कमी करणं हा हेतू आहे की त्वचा पूर्ण कोरी करणं? गुण आल्यावर तो टिकवायला पुढे काय देणार? डोळ्यांना आणि नखांना शिसाचं संरक्षण कधी लावणार? आणि एकदा रिकाम्या खोलीत त्या सहा पोझ करून बघायला मागा. हात वर धरून काही मिनिटं न हलता उभं राहणं जमेल का, ते आधीच कळलेलं बरं. त्यांचाही खांदा दुखत असेल तर तेही सांगून ठेवा.