पावसाळ्यात गोव्यात सायकलवर कॅम्पिंगला निघायचंय. टिकाऊ, वॉटरप्रूफ पॅनिअर, म्हणजे कॅरियरच्या बाजूला लटकवायची पिशवी, कोणती घ्यावी?

रेन कव्हरवाल्या पिशव्या आधीच बाद करा. कव्हर वरचा पाऊस अडवतं, पण मागच्या चाकानं उडवलेलं चिखलपाणी कॅरियरच्या बाजूनं आत शिरतं. जुलैत चोर्ला घाट उतरताना भिजवतं ते हेच पाणी.

तोंड गुंडाळून बंद होणारी, शिवणीऐवजी वेल्ड केलेल्या सांध्यांची पिशवी घ्या. ऑर्टलीब या जर्मन कंपनीची बॅक-रोलर क्लासिक ही जुनी, खात्रीची जोडी: दोन्ही मिळून 40 लिटर, पीव्हीसी लेपाचं पॉलिएस्टर, धूळ-पाणी रोखण्याचं मानांकन आयपी64. म्हणजे पावसाला पुरेशी, पाण्यात बुडवायला नाही. महाग आहे, पण भोक पडलं तर पॅचनं बुजतं.

खरी परीक्षा पिशवी कॅरियरला अडकवणाऱ्या हुकांची. तुमच्या कॅरियरच्या नळीचा व्यास मोजा आणि हुकात त्या मापाची पट्टी बसवा. ढिलं राहिलं की खड्ड्याखड्ड्याला हुक नळीवर घासतो, आणि काही दिवसांत दोन्ही झिजतात. मोरजीपासून पाळोळेपर्यंत खारं वारं आहेच, तेव्हा स्क्रू स्टेनलेसचेच लावा.

बजेट कमी असेल तर साधी मजबूत पिशवी आणि आत ड्राय बॅग (तोंड गुंडाळायची जलरोधक थैली), हेही छान चालतं. दिसायला गबाळं, एवढंच.

ओला तंबू मात्र पॅनिअरमध्ये कोंबू नका. जी पिशवी पाणी आत येऊ देत नाही, ती बाहेरही जाऊ देत नाही. संध्याकाळी कपड्यांना कुबट वास येतो. तंबू वर कॅरियरवर बांधा.